मुराळी सिंहांच्या मुलखात

आफ्रिकेत सिंहांच्या संगतीत राहून आलात ते लिहून काढा, असे आमच्या शाळेतील सहकारी बरेच दिवस म्हणत आहेत. असा मनुष्य शूर असला पाहिजे अशी त्यांची समजूत दिसते. ती समजूत आधी दूर करतो. मी तेथे नऊ दिवस तंबूत राहिलो आणि तंबूभोवती सिंह मोकळे हिंडत होते, इतके खरे आहे. पण बंदुकीला मी बोटही लावले नाही, आणि ज्या एका गोष्टीसाठी हिंमत लागणार होती ती गोळा करण्यात माझे आठ दिवस गेले. तिचा सिंहांशी काही संबंध नव्हता. मी मुराळी म्हणून गेलो होतो.

सासरी असलेल्या बहिणीला माहेरी आणायला जाणारा भाऊ तो मुराळी, हे कोणाला सांगायला नको. पण आमच्या घरचा रिवाज थोडा कडक आहे, तो सांगितला पाहिजे. न्यायला कोणी आल्याशिवाय लेकीने आपल्या पायांनी माहेरी यायचे नाही. 'मला ने' असे तिने म्हणायचे नाही, आणि 'हिला घेऊन जा' असे सासरच्यांनीही म्हणायचे नाही; तसे म्हणणे म्हणजे सून नकोशी झाली, असा अर्थ होतो. शब्द काढायचा तो मुराळ्यानेच.

माझी बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. आम्ही तिला आक्का म्हणतो. आई लवकर गेल्यामुळे माझ्या ताटात काय पडले आणि माझ्या पाटीवर काय लिहिले गेले, हे पाहणारी घरात तीच होती. तिचे लग्न भोकरदन तालुक्यात धावड्याला झाले. पहिल्या पंचमीला वडिलांनी, म्हणजे नानांनी, तिला आणायला मला पाठवले. मी पंधरा वर्षांचा होतो. आमच्या कुंभार पिंपळगावाहून धावडा ही बैलगाडीने तीन दिवसांची वाट. मी पोहोचलो, ओट्यावर बसलो, पाणी प्यायलो, पुरणाची दिंडे जेवलो. आक्काच्या सासूबाईंनी पाऊसपाण्याची चौकशी केली, नानांच्या प्रकृतीची केली. मी उत्तरे दिली. कोणी तरी विषय काढील म्हणून वाट पाहिली. विषय काढणे हेच माझे काम आहे हे मला ठाऊक होते, पण जीभ उचलेना. तिसऱ्या दिवशी मी गाडीत बसून जसा गेलो तसा परत आलो. आक्का माजघराच्या दाराआड गाठोडे बांधून उभी होती, हे मागाहून समजले.

दिवाळीपूर्वीच तिचे यजमान तिला घेऊन आफ्रिकेला गेले. त्यांना तिकडे रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियरची जागा मिळाली होती. मी आफ्रिकेला निघालो तेव्हा त्या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली होती. मधे दाजी एकदा, त्यांच्या मातोश्री वारल्या तेव्हा, एकटेच येऊन गेले. आक्का त्या वेळी तापाने अंथरुणाला खिळली होती.

एकोणीस वर्षांत नाना मला त्या पंचमीबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. सध्याची लढाई सुरू होण्याच्या आदल्या पौषात मात्र त्यांनी हुरडा भाजला, उन्हात वाळवला, मांजरपाटाच्या पिशवीत भरला, आणि पिशवीचे तोंड स्वतः सुईदोऱ्याने शिवून ती माझ्यापुढे ठेवली.

"बापू, रजा काढ," ते म्हणाले. "आक्काला घेऊन ये. मीच गेलो असतो, पर ह्या गुडघ्यानं मनमाड बी व्हायचं न्हाई."

व्होई

बोटीतील बारा दिवसांविषयी लिहिण्यासारखे इतकेच की, समुद्र पहिल्या दिवशी अद्भुत वाटला आणि पुढचे अकरा दिवस तोच राहिला. ते दिवस मी एक वाक्य तयार करण्यात घालवले. 'दाजी, आपली आज्ञा असेल तर आक्काला चार महिने माहेरी न्यावे म्हणतो.' वाक्य साधे आहे. डेकवर कोणी नसताना मी ते पुष्कळदा म्हणून पाहिले आणि ते दर वेळी बरोबर आले.

मोंबासा बंदरात उतरल्यावर एक आनंदाचा धक्का बसला. तेथील लोकांची भाषा मला येत नव्हती, तरी तिच्यातून ओळखीचे चेहरे डोकावत होते. दुकानाला ते 'दुका' म्हणतात, पुस्तकाला 'किताबु', खबरीला 'हबारी' आणि सफरीला 'सफारी'. निजामी शाळेत मौलवीसाहेबांच्या छडीखाली जे उर्दू शिकलो, ते समुद्रापलीकडे असे भेटेल याची कल्पना नव्हती.

मोंबासाहून रात्रीच्या आगगाडीने निघालो की उजाडताना व्होई स्टेशन येते. दाजी लॉरी घेऊन आले होते. खाकी अर्धी विजार, डोक्यावर सोला टोपी, आणि टोपीखाली तोच धावड्याचा लांबट, मितभाषी चेहरा. फक्त मिशा पांढऱ्या झालेल्या.

"आलात मास्तर? सफर बराबर झाली?"

"हो."

"नाना कसे हायेत?"

"बरे आहेत."

"यंदा पाऊसपाणी?"

"बरे झाले."

एवढे बोलून दोघेही लॉरीत चढलो. लॉरीत मला ते वाक्य म्हणता आले असते. जागा शेजारची होती, तिसरे कोणी नव्हते. दाजींनी एकदोनदा माझ्याकडे पाहिलेही. मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

पाहण्यासारखे मात्र पुष्कळ होते. माती अशी तांबडी की, आपल्या काळ्या रानात वाढलेल्या डोळ्यांना ती भाजल्यासारखी दिसावी. त्या मातीवर सपाट माथ्याची झाडे, आपल्या हिवरासारखी, पण आडवी पसरलेली. आणि मधूनच एखादी गोरखचिंच, जिचे खोड आमच्या गावच्या आडावर पालथे घातले तर आड झाकून जाईल. हत्तीही तांबडे होते. ते ती माती अंगावर उडवून घेतात. सिंह दिसला नाही. मी तसे म्हणालो तेव्हा दाजी म्हणाले, "तुम्हाला दिसला न्हाई. तुम्ही त्याला दिसलात."

कुपाटीच्या आत

छावणी एका कोरड्या नदीच्या काठी होती. सहा-सात तंबू, पाण्याची पिंपे, दाजींचे मोजणीचे यंत्र, आणि भोवती पुरुषभर उंचीची काटेरी कुपाटी. तिला तिकडे 'बोमा' म्हणतात, पण रचण्याची तऱ्हा अगदी आपलीच: फांद्यांचे बुडखे आत, काटे बाहेर. आपण ती डुकरे पीक खाऊ नयेत म्हणून घालतो. तेथे पीक आत नव्हते, माणसे होती.

म्हणजे, थोडे पीकही होते. आक्काच्या तंबूमागे पेरणीच्या पाच-सहा पाभरींच्या रुंदीच्या पट्टीत ज्वारी गुडघ्याइतकी वाढली होती.

आक्का कुपाटीच्या दाराशी उभी होती. तिचे केस पिकले होते, हातावर उन्हाचे काळे डाग पडले होते, पण नऊवारी तशीच, कासोट्याची घडी तशीच. मी पाया पडलो. तिने माझ्या खांद्याला हात लावून पाहिला.

"वाळला की रे बापू. तिकडं खायला घालीत न्हाईत का तुला?"

मी पिशवी पुढे केली. तिने ती उघडली नाही. आधी शिवण पाहिली.

"हा टाका नानांचा," ती म्हणाली. "अजून उलटाच घालतेत." मग पिशवी नाकाशी धरून ती तशीच उभी राहिली. दाजी लॉरीतून सामान काढण्यास गेले. सामान म्हणजे माझी एक ट्रंक होती.

ज्वारीची हकिकत मला दुसऱ्या दिवशी समजली. रस्ता पुढे सरकला की छावणी तीन-चार महिन्यांनी उठते. आक्का प्रत्येक छावणीत मूठभर ज्वारी टाकते. कधी पाणी कमी पडते, कधी हरणे कुपाटी ओलांडतात. आणि सारे जमले तर कणीस निसवते न निसवते तोच तंबू उतरवण्याचा हुकूम येतो. एकोणीस वर्षांत तिने हुरडा खाल्ला नव्हता.

"मंग पेरतेस कशाला?" मी विचारले.

"वास तर येतो पात्याचा," ती म्हणाली.

पहिल्याच संध्याकाळी तिने मला माळ्यावर नेले. पाण्याचे मोठे पिंप उंचावर ठेवण्याकरिता दाजींनी चार खांबांचा माळा बांधला होता, आपल्याकडे पाखरे राखायला ज्वारीत बांधतात तसाच. त्यावर चहाचे पेले घेऊन बसलो. ऊन उतरत होते. नदीच्या पात्रापलीकडे, आपल्या मोजणीने दोन रानांवर, गवत पिवळे होते. आणि त्या गवताचा एक तुकडा उठून आळोखेपिळोखे देऊ लागला.

आम्ही सिंह पाहिलेला तो देवळाच्या कमानीवरचा: वाटोळे डोळे, बाहेर आलेली जीभ, कुरळी आयाळ. येथे तसे काहीच नव्हते. रोडावलेल्या, मातकट, पोट खपाटीला गेलेल्या चार सिंहिणी, मागे तीन पिले, आणि सर्वांत शेवटी जड पावलांनी येणारा एक मोठा प्राणी, ज्याला आयाळ म्हणून मानेवर नुसती कुसळे होती. मी त्यालाही सिंहीणच समजलो.

"ते मामंजी," आक्का म्हणाली. "इकडचे मामंजी टकलेच राह्यतेत. ती फुटक्या कानाची म्हातारी पाह्यली का? त्या सासूबाई. त्यांच्या मागं दोघी हायेत त्या जावा. धाकटी भांडकुदळ हाये, पर पोरांना सगळ्यांच्या दूध पाजती. ती लंगडी, ती नणंद."

"मला मात्र कुठं ठेवलं न्हाई हिनं," दाजी खालून म्हणाले.

"तुम्ही सदा कामावर. तुम्हाला कुठं ठेवू?"

मी हसलो, ते दोघेही हसले. आक्काच्या घरात मूल झाले नाही. तो विषय आमच्याकडे कोणी काढत नाही, तेथेही निघाला नाही. पण ती तिन्ही पिले दिसेपर्यंत तिने पेल्यातला चहा प्यायला नव्हता, हे माझ्या लक्षात आले.

अंधार पडण्याच्या सुमारास ते ओरडू लागले. गर्जना हा शब्द मी मुलांना निबंधात पुष्कळदा लिहायला लावला आहे. यापुढे जपून लावीन. रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी खोल हुंकार द्यावा तसा तो आवाज सुरू होतो, चढतो, आणि करवतीसारखा तुटक होत थांबतो. मग सगळीकडे शांतता. आणि मग, फार लांबून, डोंगराच्या अंगाने, त्याला उत्तर येते. मी तंबूच्या खांबाला धरून उभा होतो. आक्का भाकरी थापत होती. तिचा हात चुकला नाही.

"भांडण न्हाई ते," ती म्हणाली. "कुठं हाये ते विचारून राह्यल्या एकमेकींना."

तांब्या

आता एक लाजिरवाणी हकिकत सांगितली पाहिजे. ती वगळली तर दाजी मला क्षमा करणार नाहीत.

छावणीत शौचाची सोय कुपाटीच्या आतच होती: एक खड्डा आणि भोवती गवताचा आडोसा. आडोशाच्या पलीकडे दहा पावलांवर स्वयंपाकाची चूल, आणि तेथे पहाटेपासून मंडळी चहासाठी बसलेली. दोन दिवस मी जमवून पाहिले. आमच्या गावी शिष्ट मनुष्य परसाकडे जितका लांब जाईल तितका अब्रूदार. ऐन चहाच्या मंडळींसमोरून तांब्या घेऊन दहा पावलांवर जाणे माझ्याच्याने होईना. तिसऱ्या दिवशी उजाडताना पाणी आणणाऱ्या माणसांनी कुपाटीचे दार उघडले, तेव्हा त्यांची पाठ वळताच मी तांब्या घेऊन हळूच बाहेर पडलो आणि नदीच्या पात्रात उतरलो. एक झुडूप पाहिले, ते जवळ वाटले. दुसरे पाहिले. तिसऱ्यापाशी थांबलो.

आकाश नुकते पांढरे झाले होते. पश्चिमेला क्षितिजावर एक ढग होता, न हलणारा, गुलाबी. तो किलिमांजारोचा बर्फ होता हे मागाहून कळले. मी त्याच्याकडे पाहत असताना मला वाटले की, मलाही कोणी पाहत आहे. तीस पावलांवर, वाळूत पुढचे पाय पसरून, फुटक्या कानाची म्हातारी बसली होती.

पळायचे नाही आणि पाठ दाखवायची नाही, हे आक्काने पहिल्याच दिवशी बजावले होते. मी उभा राहिलो. तिचे डोळे पिवळे होते आणि त्यांत राग नव्हता. एखादी वयस्क बाई ओट्यावर आलेल्या परक्या माणसाकडे, हा कोणाकडचा, म्हणून पाहते तसे ती पाहत होती. पुढचे सांगण्यास संकोच वाटतो. माझे हात आपोआप जोडले गेले. तांब्या दोन्ही हातांत होता, त्यामुळे त्यातले पाणी धोतरावर सांडले. म्हातारीने जांभई दिली. तिचे मागचे दोन दात झिजलेले होते, इतके मला दिसले. मग ती उठली आणि पात्रातून वरच्या अंगाला निघून गेली.

खांद्याला कोणाचा तरी हात लागला. तो जुमा होता. जुमा हा छावणीचा मुकादम, साठीला आलेला, रेल्वेच्या कामावर आपल्या लोकांबरोबर राहून मोडकी हिंदुस्तानी शिकलेला. त्याने माझा दंड धरला आणि आम्ही दोघे उलट्या पावलांनी कुपाटीपर्यंत आलो. तेथे आल्यावर त्याने माझ्या हातातील तांब्या घेतला, आत पाहिले, आणि रिकामा आहे असे पाहून तो गंभीरपणे भरून आणून दिला.

सारी छावणी हसली. दाजी तर यंत्राच्या तिकाटण्याला धरून हसत होते. आक्का मात्र आधी पांढरी पडली, मग तिने मला बसवले, गूळ-पाणी दिले, आणि डोळे पुसत म्हणाली, "सासूबाईंचीच गाठ पडली म्हण की. मंग? विचारलं का त्यांना?"

"काय?" मी म्हणालो.

तिने पदर खोचला. "काही न्हाई. गूळ खा."

काय विचारायचे होते ते मला कळले होते. दाजींनाही कळले असावे, कारण त्यांचे हसणे थांबले आणि ते माझ्याकडे पाहू लागले. तो क्षण म्हणजे उघडलेले दार होते. मी गूळ खाल्ला.

जुमाचा प्रश्न

चौथा, पाचवा, सहावा असे दिवस गेले, आणि त्या दिवसांविषयी तक्रार करणे कृतघ्नपणा होईल. आक्का मक्याच्या पिठाच्या भाकरी करी. त्या थापताना चिरतात, म्हणून ती पिठात उकळते पाणी घालून युक्तीने वळी. तिने नानांच्या पिशवीची शिवण एकेक टाका जपून उसवली, रोज फक्त मूठभर हुरडा काढला, भिजवला आणि लसणाच्या चटणीबरोबर त्याची उसळ केली. रोज ती गावातल्या एकेका घराची चौकशी करी. कुंभारवाड्यातली भट्टी अजून तिथेच आहे का, गोदावरीच्या वाटेवरची चिंच उभी आहे का, बाजारचा दिवस तोच आहे का. चिंच दोन वर्षांमागे वादळात पडली होती. मी आहे म्हणून सांगितले.

रोज सकाळी ती माळ्यावर चढे आणि आपली माणसे मोजी. रोज संध्याकाळी सिंह एकमेकांना हाक मारीत. ती ऐकताना मला हेवा वाटे. त्यांना हाक मारायला मधे कोणी लागत नव्हता.

आठव्या दिवशी दुपारी मी जुमाजवळ बसलो होतो. तो कुपाटीच्या फांद्या बदलत होता आणि मी, कामाला हात लावल्यासारखे दिसावे म्हणून, लहान काटक्या बाजूला करीत होतो. तो म्हणाला, त्यांच्याकडे पाहुण्याला दोन दिवस काही विचारत नाहीत, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ देतात. "तुम आठ दिन हुआ. कुदाल नहीं दिया. अब पूछता है. इतना दूर कायको आया?"

कोणास ठाऊक कसे, त्याला सांगताना जीभ अडखळली नाही. मी म्हणालो, बहिणीला घरी न्यायला आलो आहे.

"अच्छा. कब जाएगी?"

मी म्हणालो, अजून तिला बोललो नाही.

जुमाने हातातील फांदी खाली ठेवली. "बहन को लेने आया, बहन को बोला नहीं?"

"नाही."

"साहब को?"

"नाही."

तो हसला नाही. त्याने हसावे असे मला वाटत होते. तो नदीपलीकडे हात करून म्हणाला, "वो जनावर है. वो भी बोलता है." आणि फांदी उचलून पुन्हा कामाला लागला.

आठवी संध्याकाळ

जेवायला बसलो होतो. दाजी आणि मी पाटावर, आक्का चुलीपाशी. मी अन्नाकडे पाहत ते वाक्य म्हटले.

"दाजी, आपली आज्ञा असेल तर आक्काला चार महिने माहेरी न्यावे म्हणतो. नानांनी मला त्याकरिताच पाठवले आहे."

आवाज फार लहान आला, पण आला. दाजींनी घास ताटात ठेवला. आक्काचा हात तव्यावर थांबला आणि भाकरी करपू लागली. तिच्या हातची भाकरी करपलेली मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

"मास्तर," दाजी म्हणाले, "हे तुम्ही पहिल्या दिवशी बोलायचं न्हाई का?"

"आपली हरकत—"

"हरकत? बिलकुल न्हाई. व्होईपासून लॉरीत वाट बघून राह्यल्तो मी. म्हटलं आता बोलतील, मंग बोलतील." त्यांनी हात धुतले, जेवण अर्धेच झाले होते. "इथून जायचं म्हंजे परत यायचा परवाना पाहिजे. तो न्हाई काढला तर हिला पुन्हा उतरू देत न्हाईत. मोंबासाहून कागद यायला दहा दिवस. तुमची बोट कधी?"

"आजपासून पाचव्या दिवशी."

"पुढची?"

"महिन्याने."

माझी रजा पुढच्या बोटीपर्यंत टिकणारी नव्हती. तरीही मी म्हणालो की, मी थांबतो, नोकरीचे पाहता येईल. ते वाक्य तयार केलेले नव्हते.

"तुझी नोकरी घालवून मला माहेरपण न्हाई पाहिजे," आक्का चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"दाजी, मग आपणच एकदा सुचवले असते तर..." मी म्हणालो.

"मी कसं सुचवू?" ते खरोखर दुखावले होते. "हिला घेऊन जा म्हणू? बायको जड झाली म्हणू? मास्तर, रस्ते आफ्रिकेत बांधले म्हणून काय झालं, आम्ही धावड्याची माणसं हाओत."

तिघेही खरे होतो. तिघेही आठ दिवस आपापल्या जागी रीतीने बसून होतो. बाहेर नदीपलीकडून हुंकार आला. लांबून दुसऱ्याने उत्तर दिले.

तेवढ्यात आक्का हसू लागली. मी आधी ते रडणे समजलो, आणि त्यात थोडे रडणेही असावे. तिने करपलेली भाकरी तव्यावरून काढली, दोन तुकडे केले आणि एक माझ्या ताटात टाकला.

"धावड्याला तीन दिवस बसलास अन् पाणी पिऊन गेल्तास," ती म्हणाली. "इथं आठ लागले, पर बोललास. सुधारून राह्यलास, बापू. असाच जल्दी जल्दी सुधार."

ठरले ते असे: दाजी लगेच परवान्याचा अर्ज करतील, मी पुढच्या माघात, पिके निघाल्यावर, पुन्हा न्यायला यावे. मी जाताना आक्काने मांजरपाटाची पिशवी माझ्या हाती दिली. तोंड शिवलेले होते, टाके उलटे, नानांसारखे.

"निम्मा खाल्ला," ती म्हणाली. "निम्मा परत ने. नानांना सांग, उरलेला तिथं बसून खाईन."

लॉरी निघाली तेव्हा ती माळ्यावर उभी होती. एरवी ती तेथून नदीकडे पाहत असे. त्या दिवशी तिने त्या बाजूला पाठ केली होती.

कुंभार पिंपळगाव

नाना जालन्याला गाडीवर आले नव्हते. ते घरी, ओसरीत, नवी वळलेली दोरी भरलेल्या बाजेशेजारी बसले होते. मी एकटाच आलेला पाहून त्यांनी मागे कोणी आहे का ते पाहिले नाही. त्यांनी एकच प्रश्न केला.

"विचारलंस का?"

"विचारले. उशिरा विचारले."

मी सगळे सांगितले. त्यांनी पिशवी हाती घेतली, वजन पाहिले, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि ती बाजेवरच्या खुंटीला अडकवली.

पुढचा माघ यायच्या आधी, भाद्रपदात, लढाई सुरू झाली. तेव्हापासून उतारूंच्या बोटींचा भरवसा राहिलेला नाही. आज निघते म्हणतात, उद्या रद्द होते. निघाली तर पोहोचेल असे कोणी सांगत नाही. आक्काचा परवाना तयार होऊन तिच्या ट्रंकेत पडला आहे. छावणी किती तरी वेळा पुढे सरकली. फुटक्या कानाची म्हातारी जुन्या ठिकाणीच राहिली, आणि नव्या ठिकाणी जी सिंहीण दिसते तिला काय म्हणावे हे अजून ठरले नाही, असे आक्काने लिहिले आहे.

वाळलेला हुरडा वर्षावर टिकत नाही, त्याला कीड लागते. म्हणून दर पौषात नाना खुंटीवरची पिशवी काढतात, जुना हुरडा गुरांना घालतात आणि नवा बरोबर निम्म्यापर्यंत भरून तोंड शिवतात. यंदा त्यांना सुईत दोरा ओवता आला नाही. तो मी ओवून दिला. शिवायला मात्र त्यांनी दिले नाही.

पत्रे जातात. तीन-तीन महिने लागतात, मधे कोणी फोडून वाचतो, पण जातात. पूर्वी माझ्या पत्रात साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, पाऊसपाणी, पिकेपाणी असे रीतीने येई, आणि रीत संपेपर्यंत कागद संपे. आता मायना मी शेवटी लिहितो. कोरा कागद पुढे घेतला की पहिली ओळ ठरलेली असते: आक्का, न्यायला केव्हा येऊ?